साक्षीचा चर

संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले असतील, मेहकरहून जालन्याला परत येत होतो. समृद्धीनं आलो असतो तर कधीच घरी पोचलो असतो, पण नवऱ्याला टोल भरणं जिवावर येतं आणि मला जुना रस्ता आवडतो. सुलतानपूर, बीबी, दुसरबीड, मग राहेरीचा पूल आणि खाली खडकपूर्णा. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी माहेरून निघालं की ही नावं पाढ्यासारखी आपोआप मनात येतात. डिकीत आईनं कोंबलेलं तुरीच्या शेंगांचं अर्धं पोतं, त्याचा तो ओलसर हिरवा वास पूर्ण गाडीभर. सिंदखेडराजाला चहाला थांबलो. जिजाऊ जयंतीचे फ्लेक्स अजून उतरवले नव्हते, काही एका बाजूनं सुटून वाऱ्यावर फडाफडा वाजत होते. नवरा मिसळ सांगून बसला आणि मी म्हटलं तुमचं होईस्तोवर लखुजीरावांची समाधी बघून येते, किती वर्षं झाली गेलेच नाही.

तिथं एका शाळेची सहल आलेली. साठ-सत्तर पोरं, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि मॅडमचा घसा पार बसलेला. हे जिजाऊंचे वडील, म्हणजे शिवाजी महाराजांचे कोण? पोरं एका सुरात, आजोबाऽऽ. यांना देवगिरीच्या किल्ल्यात दगा देऊन कोणी मारलं? निजामशहानंऽऽ. तेवढ्यात लाइनीत अगदी मागं असलेल्या एका पोरानं, हातात कुरकुऱ्याची पुडी, तोंड भरलेलं, अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, पन मंग हे कोनाच्या साइडनं होते?" मॅडमनी सेकंदभर त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ते पेपरात येत नाही. लाइन मोडू नको."

लाइन पुढं सरकली. मी तिथंच राहिले.

मॅडमना हसावं असं मला आता वाटत नाही, त्या वेळी मात्र हसू आलं होतं. लग्नाआधी दोन वर्षं मी एमपीएससीचा अभ्यास केलाय, सनावळ्या अजून बऱ्यापैकी लक्षात आहेत, त्यामुळं मनातल्या मनात त्या पोराला उत्तर द्यायला गेले आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. अहमदनगरच्या निजामशाहीच्या साइडनं. मग मोगलांच्या. मग परत निजामशाहीच्या. बरं हेही सरळ नाही, कारण १६१६ मध्येच हे "जादो राय" बाळापूरच्या मोगली छावणीत जाऊन शाहनवाजखानाला मिळाले होते, सोबत आणखी काही सरदार, तिथं त्यांना घोडे, हत्ती, पैसा, मानाची वस्त्रं मिळाली, जहांगीरनं स्वतः लिहून ठेवलंय ते. त्याच मोहिमेत आमच्या जालन्याजवळच्या रोषणगावला निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याचा पराभव झाला आणि मोगलांनी पुढं जाऊन त्याची खडकी, म्हणजे आत्ताचं संभाजीनगर, लुटून उद्ध्वस्त केली. मग १६२१ च्या सुमाराला पुन्हा मोगलांकडं, या वेळी रीतसर, पाच हजारी मनसब, म्हणजे दरबारातला हुद्दा, आणि घरातल्या मुलं-भाऊ-नातू सगळ्यांची मिळून २४ हजारांची मनसब आणि १५ हजार स्वार असा आकडा इतिहासात सांगतात. एवढं सगळं एका पोराला, तेही कुरकुरे खाणाऱ्या, लाइनीत कसं सांगणार. पेपरात येत नाही हेच सोपं.

गाडीत बसल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे दलबदलूच की." हा शब्द मला टोचला. का टोचला ते जालना येईपर्यंत कळलं नाही.

सिंदखेड कुठं आहे ते एकदा नकाशावर बघा. मागं वऱ्हाड, पुढं मराठवाडा. आमच्याकडं अजून वाद चालतो की हे लोक नेमके कुठले, वऱ्हाडी त्यांना मराठवाड्याकडचे म्हणतात आणि जालन्यात मी तोंड उघडलं की सासूबाई म्हणतात आलं आमचं वऱ्हाड. ही शीव आजची नाही. इमादशाही १५७४ मध्ये संपली, वऱ्हाड निजामशाहीत आलं, तेव्हा सिंदखेड एका राज्याच्या पोटात होतं, निवांत. मग १५९६ मध्ये चांदबिबीच्या तहात वऱ्हाड अकबराला देऊन टाकलं आणि एका कागदानं सिंदखेडच्या पाठीला मोगल येऊन चिकटले. जिजाऊंचा जन्म १५९८ चा. म्हणजे ती पोर जन्मली तेव्हा वाड्यासमोरून एकीकडं गेलं तर निजामशहाचं राज्य आणि दुसरीकडं गेलं तर अकबराचं. घर कुठंच हललं नाही, शीवच चालत येऊन ओसरीत बसली. पुढं तीनशे वर्षांनीही हे गेलं नाही. इकडं वऱ्हाडात इंग्रज, तिकडं जालन्यात हैदराबादचा निजाम. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, रझाकारांच्या वेळी पितळेचा एक हंडा आणि कडेवर पोर घेऊन त्या रातोरात वऱ्हाडात पळाल्या होत्या, चार महिने परक्याच्या गोठ्यात काढले. हंडा अजून आहे आमच्याकडं. त्याला एक पोचा पडलाय, तो कल्हईवाल्यानं काढतो म्हटलं तरी त्या काढू द्यायच्या नाहीत.

आपण लोकं देशमुखी हा शब्द आता फक्त आडनावासाठी किंवा टोमण्यासाठी वापरतो. पण त्या काळात देशमुखाच्या हातात परगणा असायचा. कुठल्या गावात किती जमीन पिकाखाली, कोणाची विहीर आटली, कोणता पाटील खोटं बोलतो, हे सगळं त्याला ठाऊक, सारा तोच गोळा करून सरकारात भरणार आणि त्यातला आपला हक्क ठेवून घेणार, गावात होळीला, पोळ्याला पहिला मान त्याचा. सुलतान कोणीही येवो, त्याला देशमुख लागायचाच, कारण देशमुखाशिवाय त्याला गवताची काडी मिळाली नसती. आणि देशमुखाला सुलतान लागायचा, कारण वतनाचं फर्मान त्याच्या शिक्क्याशिवाय म्हणजे नुसता कागद. जुने महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, बघितलेत का कधी, एखाद्या संग्रहालयात? भांडण कोणाच्या बांधाचं, कोणाच्या पाटीलकीचं, आणि खाली साक्षीदारांच्या निशाण्या, पाटलाच्या नावापुढं काढलेला छोटासा नांगर. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं कोणी लहान पोरानं काढलाय, इतका वाकडा. पण त्या वाकड्या नांगरावर पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट असायचं. नोकरी निजामशहाची करा की मोगलांची, ती अंगावरच्या शेल्यासारखी, वतन मात्र अंगाच्या कातडीसारखं. कातडी वाचवायला शेला बदलला तर त्याला काय म्हणायचं? मी काही लखुजीरावांची वकील नाही. मनसब, हत्ती, मान हे सगळं त्यांना हवंच असणार, जाधवांचा पीळ मोठा, देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवणारं घराणं. आपल्याच पूर्वजांच्या किल्ल्यात दुसऱ्याला मुजरा करताना काय वाटत असेल याचा मी बरेचदा विचार करते. हाव होती, भीतीपण होती, आणि दोन्ही एकाच माणसात होत्या एवढंच म्हणते.

आता आबांचं सांगते, कारण टोचलं ते तिथं.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आमचं शेत नाल्याच्या पलीकडं, आणि तिथं जायची गाडीवाट दोन घरांच्या बांधावरून. ती दोन घरं एकमेकांची तोंडं बघायची नाहीत, बांध कोरण्यावरून दरवर्षी पेरणीच्या आधी शिव्या ठरलेल्या. आबांना दोघांशी गोड राहणं भाग होतं. घरात लग्न निघालं की दोन्ही घरच्या पत्रिका एकाच वेळी पोचल्या पाहिजेत म्हणून आबा दोन पोरांना दोन दिशांनी पाठवायचे, आणि आधी कोणाकडं गेलास असं विचारलं तर दोघांनीही "हिकडंच आधी आलो" म्हणायचं हे शिकवून. होळीची पोळी दोन ताटांत. कोणी मेलं तर दोन्हीकडच्या तिरडीला खांदा. एका घरच्यानं दुसऱ्याची निंदा सुरू केली की आबांना लगेच खोकला यायचा. गावात त्यांना "दोहीकडचे आबा" म्हणायचे, आणि ते कौतुकानं नव्हे. आजी तर तोंडावर म्हणायची, "तुमाले तं पाठीचा कनाच नाही." आबा ऐकून घ्यायचे, तंबाखू मळायचे. मी सातवी-आठवीत असेन, मलाही तेव्हा त्यांची लाज वाटायची. आमच्या वर्गात पुस्तकात शूरवीर होते आणि घरी हा खोकणारा म्हातारा.

बिनवाटेच्या शेताची किंमत काय असते ते ज्याचं शेत असं असतं त्यालाच कळतं. मला फार उशिरा कळलं.

आता लखुजीरावांचं पुढचं. लेक दिली भोसल्यांकडं. ते रंगपंचमीला गंमतीत बोलले आणि मालोजीराजांनी भर सभेत शब्द पकडला वगैरे बखरीतली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती परत सांगत नाही. पण त्यानंतरची, खंडागळेंच्या हत्तीची गोष्ट मला जास्त खरी वाटते, कारण ती इतकी मूर्खपणाची आहे. दरबार सुटला, बाहेर गर्दी, खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्याला आवरण्यावरून जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडले. लखुजींचा मुलगा दत्ताजी गेला, आणि चिडलेल्या लखुजीरावांनी भोसल्यांकडचा संभाजी, म्हणजे जावयाचा चुलतभाऊ, मारला, बखरी म्हणतात की खुद्द जावईही सासऱ्याच्या हातून जखमी झाला. ज्यांच्या घरात पार्किंगवरून भाऊबंदकी झालीय त्यांना यात अशक्य असं काही वाटणार नाही. आणि मग १६२४, भातवडी. मलिक अंबरनं मोगल आणि आदिलशाही दोघांना एका लढाईत लोळवलं, तलावाचं पाणी सोडून त्यांच्या छावणीचा चिखल करून टाकला. त्या लढाईत शहाजीराजे अंबरकडून, त्यांचा सख्खा भाऊ शरीफजी तिथंच पडला, आणि समोर मोगलांकडून सासरे. जिजाऊ तेव्हा सव्वीस वर्षांच्या. लढाईची बातमी आली की आधी कोणाचं विचारायचं हा प्रश्न त्या बाईला पडला असेल ना? जिंकले कोण हे विचारलं तर माहेरची मेली, हरले कोण विचारलं तर सासरची. मी दोन घरांच्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे, एका वाटणीवरून दोन्हीकडचे मला एकमेकांचे स्क्रीनशॉट मागतात, मला तेवढ्यानंच जेवण जात नाही.

मलिक अंबर १६२६ मध्ये गेला आणि निजामशाहीचा कणा गेला. दरबारात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, निजामशहाचे कान भरणारे भरपूर. लखुजीराव परत निजामशाहीत आले होते. का आले? घराजवळचा धनी बरा वाटला असेल, दूरच्या बादशहाचा कंटाळा आला असेल. पण एकदा शीव ओलांडून गेलेला माणूस परत आला तरी त्याच्याकडं बघायची नजर परत येत नाही. उद्या हा पुन्हा जाईल, ही शंका. आणि शंका अगदीच खोटी होती असं कुठल्या तोंडानं म्हणायचं.

२५ जुलै १६२९. श्रावणातली पौर्णिमा, पोवत्याची पुनव, आपण ज्या दिवशी आता राख्या बांधतो ती. देवगिरी त्या दिवसांत कसा असतो ते बघून या एकदा. आम्ही एका ऑगस्टमध्ये गेलो होतो, काळा कातळ पाण्यानं तेलकट झालेला, खंदकात हिरवट पाणी, आणि त्या अंधारीत मोबाइलचा टॉर्चही हाताएवढाच पुढं जातो, वटवाघळांचा उग्र वास, पायऱ्या घसरड्या, माझ्या पोरानं माझी ओढणी घट्ट धरून ठेवलेली. आत जाणारा माणूस परत येऊ नये म्हणूनच ती वाट बांधलीय. लखुजीराव मुलांना घेऊन मुजऱ्याला गेले. दरबारात त्यांना पकडायचा हुकूम झाला, हे झुंजले, आणि तिथंच कापले गेले. लखुजीराव, अचलोजी, राघोजी, आणि नातू यशवंतराव, हत्तीच्या भांडणात मेलेल्या दत्ताजीचा मुलगा. एका दुपारी एका घरातले तीन पिढ्यांचे पुरुष. म्हाळसाबाई बाहेर होत्या, त्या उरलेल्या माणसांना घेऊन सिंदखेडला निघून आल्या आणि लवकरच जाधवांचं घर शाहजहानकडं गेलं. म्हणजे ज्या भीतीनं मारलं तीच गोष्ट मारल्यामुळं झाली. जावईही चिडून निजामशाही सोडून मोगलांकडं गेले, पाच हजारी घेतली, तीही पुढं सोडली, मग एका लहान मुलाला निजामशहा म्हणून गादीवर बसवून स्वतः राज्य चालवलं. १६३३ ला दौलताबाद पडलं, १६३६ ला निजामशाही संपली. इकडं शिवनेरीवर फेब्रुवारी १६३० मध्ये नातू जन्मला. हिशेब केला तर बाप-भाऊ मारले गेले त्या पुनवेला जिजाऊंना दोनेक महिने झाले असतील.

यातली मला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. शहाजीराजे निजामशाही, आदिलशाही, मोगल, परत निजामशाही, परत आदिलशाही एवढं फिरले, त्यांच्याबद्दल आपण "परिस्थिती" म्हणतो. सासऱ्यांनी तेच केलं तर "फितुरी". नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला शहाजीराजांच्या डोक्यात स्वराज्य होतं. असेल. पण मला वाटतं आपण माणसाला त्याच्या मुलावरून माफ करतो, आणि लखुजीराव लेकीच्या बाजूचे पडले, त्यांच्या वाट्याला माफीपण माहेरच्या लुगड्यासारखी आली, दिली तर दिली. उलट बाजूही मनात येते. समजा मी त्यांच्या परगण्यातली कुणबीण असते, धनी बदलला की फौज माझ्याच ज्वारीतून जाणार, एकदा याची, एकदा त्याची, मग मला देशमुखाच्या अडचणींचं किती कौतुक असतं? काहीच नाही. आजी आबांना बोलायची तसं मी त्याला तोंडावर बोलले असते.

समाधी बाहेरून बघितली तर एखादं देऊळच वाटतं, घडीव काळा दगड. गावातली माणसं अभिमानानं सांगतात की कुठल्या हिंदू राजाची एवढी मोठी समाधी दुसरी नाही. २०२४ ला तिथं जतनाच्या कामासाठी खोदताना जमिनीखालून जुन्या शिवमंदिराचे अवशेष निघाले आणि मग शेषशायी विष्णूची अख्खी मूर्ती, लक्ष्मी पायाशी बसलेली. माझ्या जावेनं तेव्हा तो फोटो दहा ग्रुपवर टाकला होता. मला मात्र त्या विष्णूचा हेवा वाटला होता, वर एवढ्या राजवटी आल्या-गेल्या आणि हा खाली आडवा पडून.

आबांनी शेवटी एकदा बाजू घेतली. बांधावर कुऱ्हाड चालली, एकाचा खांदा फाटला, केस मेहकरच्या कोर्टात उभी राहिली, आणि मारामारी डोळ्यांनी बघणारे आबा एकटेच. दोन्ही घरची माणसं रात्री येऊन गेली, दोघांना चहा झाला. सगळ्यांना वाटलं आबांना आता जोरात खोकला येणार. आबा कोर्टात गेले, जे बघितलं ते सांगितलं. घरी येऊन नेहमीसारखे जेवले. आजी त्या दिवशी काही बोलली नाही, फक्त भाकरीवर तेल जरा जास्त ओतलं. त्या मृगाला ज्याच्या विरुद्ध साक्ष गेली होती त्यानं वाटेवर आडवा चर खणला, कमरेइतका. बैलगाडी बंद. दोन हंगाम आम्ही कापूस डोक्यावरून नाल्याला वळसा घालून आणला, आई, काकू, आजी, मीसुद्धा, मानेत अजून कधीकधी कळ येते ती तेव्हाचीच असं मला वाटतं. गावात आबांना कोणी शूर वगैरे म्हटलं नाही. म्हातारपणी चळ लागला म्हणाले.

पुढं आबा गेले, तिकडचा म्हाताराही गेला, चर कोणीतरी बुजवला. पण भराव नीट बसला नाही, दर पावसाळ्यात तेवढीच जागा खचते. परवा निघायच्या दिवशी सकाळी शेंगा तोडायला म्हणून दादाच्या ट्रॅक्टरवर बसून शेतात गेलो, मी, माझं पोरगं आणि आई. धुकं होतं, हातांना थंडी झोंबत होती, पोरगं मडगार्डवर बसून मोबाइलमध्ये. तिथं आलो आणि ट्रॅक्टर असा काही दचकला की पोराच्या हातातून मोबाइल उडता उडता राहिला. "मामा, काय होतं?" तो ओरडला. दादानं मागं न बघता गिअर टाकला.

"काई नाई बे. आबाची साक्ष आली."